परदेशात जन्मलेले मूल आणि एक वर्षाची मुदत

मराठवाड्यातील घरातून कोणी परदेशी गेले, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नांदेडचा देगलूर नाका असो, इतवारा असो की लातूरच्या गंजगोलाईभोवतालचे मोहल्ले असोत, कोणाचा भाऊ जेद्दाहला, कोणाचा जावई दुबईला, तर कोणाचा मुलगा टोरांटोला असल्याचे ऐकू येते. पूर्वी कर्ता पुरुष एकटा जात असे व दोन वर्षांनी सुटीवर घरी येत असे. आता पगार थोडा बरा झाला की बायकोला बोलावून घेतले जाते आणि मुले तिकडेच जन्मतात. पैसा किती पाठवायचा, प्लॉट कुठे घ्यायचा, दुकान कोणाच्या नावावर करायचे, याचा हिशेब या घरांतून बारकाईने होतो. मात्र तिकडे जन्मलेले मूल कोणत्या देशाचे, असे विचारले तर "आमचे, म्हणजे भारताचेच" असे उत्तर मिळते. कायद्यापुढे हे उत्तर पुरत नाही.

काही महिन्यांपूर्वी नांदेड जिल्ह्यातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. जेद्दाहला त्यांनी जवळपास वीस वर्षे वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम केले. थोरला मुलगा तेथे २००१ साली जन्मला, धाकटी मुलगी २०१४ साली. मुलीच्या जन्माच्या वेळी कफीलशी वाद चालू होता, इकामा संपलेला होता, त्यामुळे जन्माचा सरकारी दाखला निघाला नाही. वकिलातीत जाण्याचे राहून गेले. "थोरल्याच्या वेळी तरी आम्ही कुठे काय नोंदवले होते?" असे ते म्हणाले. २०१७ साली सौदी सरकारने बेकायदा राहणाऱ्यांना दंडाशिवाय परत जाण्याची सवलत दिली, तेव्हा हे कुटुंब एकेरी प्रवासाच्या कागदावर मायदेशी आले. मुलगी शाळेत घातली, वर्षे गेली. आता त्यांना ओमानमध्ये चांगले काम मिळाले आहे, कुटुंब नेण्याची सोय आहे आणि सर्वांचे कागद तयार आहेत. अडले आहे ते मुलीचे. तिचा पासपोर्ट काढायला गेल्यावर प्रश्न आला की ही मुलगी भारताची नागरिक असल्याचा पुरावा काय? आई भारतीय, बाप भारतीय, सख्खा भाऊ भारतीय. तरी प्रश्न बरोबर होता.

त्या गृहस्थांची चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अनेक घरांत होऊ शकते. थोरल्याच्या वेळचा कायदा वेगळा होता आणि धाकटीच्या वेळचा वेगळा. अनुभवी माणसाचा अनुभवच येथे त्याला फसवतो.

तीन तारखा

भारतात नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमात परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम आहेत. या कलमात वेळोवेळी बदल झाले. मुलाचा जन्म कोणत्या तारखेचा आहे, त्यावर त्याला कोणता नियम लागतो हे ठरते.

२६ जानेवारी १९५० पासून १० डिसेंबर १९९२ पूर्वीपर्यंत परदेशी जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व केवळ बापावरून ठरे. जन्माच्या वेळी बाप भारतीय नागरिक असेल तर मूल भारतीय. आई भारतीय व बाप परदेशी असेल तर या कलमाखाली मुलाला काही मिळत नसे. नांदेडची मुलगी परदेशी माणसाला दिली आणि तिचे मूल तिकडे जन्मले, तर तिचे माहेर, तिचा पासपोर्ट, तिचे मतदारयादीतील नाव, या कशाचाही मुलाला उपयोग नव्हता. १९९२ च्या दुरुस्तीने हा भेद काढला. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा बाप यांपैकी कोणीही एक भारतीय असले तरी चालते. ही दुरुस्ती फार उशिरा झाली, असे आमचे मत आहे.

तिसरी तारीख ३ डिसेंबर २००४. आज सर्वांत महत्त्वाची हीच. या दिवसापासून परदेशात जन्मलेले मूल आईबाप भारतीय आहेत एवढ्यावरून भारतीय होत नाही. त्याचा जन्म भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो, आणि तोही जन्मापासून एक वर्षाच्या आत. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी घेऊनच नोंद होऊ शकते. नोंदणीच्या वेळी आईबापांना लिहून द्यावे लागते की या मुलाजवळ दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही.

आता वरच्या प्रकरणाकडे पाहावे. थोरला मुलगा २००१ सालचा. त्या वेळी भारतात जन्मलेल्या भारतीय बापाच्या मुलासाठी नोंदणी ही नागरिकत्वाची अट नव्हती. तो जन्मतःच भारतीय झाला. धाकटीसाठी मात्र नोंदणी हीच अट होती आणि ती पाळली गेली नाही. एकाच आईबापांची दोन मुले, एकाच शहरात जन्मलेली, एक नागरिक आणि एक कायद्याच्या उंबरठ्यावर उभी.

जुन्या नियमातही एक खाच होती. बाप स्वतःच परदेशात जन्मलेला, म्हणजे वंशाने नागरिक झालेला असेल, आणि त्याचे मूलही परदेशात जन्मले तर तेव्हाही नोंदणी लागत असे. आखातात दुसरी पिढी वाढलेल्या घरांनी आपल्या २००४ पूर्वीच्या मुलांचे कागदही याच कारणासाठी तपासून घ्यावेत.

बापाचा मुलूख की जन्माचा?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेले अरब मोठ्या संख्येने होते. मराठवाड्यातील आजची चाऊस मंडळी त्यांचेच वंशज होत. त्यांतील अनेकांच्या आया येथल्या आणि जन्मही येथला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि त्यानंतर अनेक अरबांना परकीय ठरवून परत पाठविण्यात आले. ज्याने एडनचे बंदर कधी पाहिले नाही, त्याचा मुलूख त्याच्या बापाच्या किंवा आजाच्या गावावरून ठरवायचा काय, हा प्रश्न त्या वेळी खराखुरा उभा राहिला होता. राज्यघटनेचे पाचवे कलम २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लागू झाले. भारतात अधिवास असलेला आणि येथे जन्मलेला, किंवा ज्याची आई वा बाप येथे जन्मला, किंवा जो आधी किमान पाच वर्षे येथे राहत होता, तो नागरिक, असे त्यात ठरले. जन्म, आईबाप आणि वास्तव्य, हे तीन धागे तेव्हापासून आपल्या कायद्यात आहेत. कोणत्या काळात कोणता धागा ओढला गेला एवढाच फरक.

आखातात जन्मलेले मूल

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहरीन, ओमान यांपैकी एकही देश आपल्या भूमीवर परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाला केवळ तेथे जन्मला म्हणून नागरिकत्व देत नाही. मूल बापाच्या परवान्यावर राहते. बापाचा इकामा गेला की मुलाचाही गेला. म्हणजे भारताची नोंद झाली नाही तर त्या मुलाला तिकडचेही काही नाही आणि इकडचेही नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आईबापांनी आळस केला तरी त्याला निदान एक देश मिळत आला आहे. आखातातील मुलाला तेवढाही आधार नाही. म्हणून आम्ही आखातातील बांधवांना हे अधिक आग्रहाने सांगत आहोत.

काम खरे पाहता अवघड नाही. इस्पितळातून जन्माची सूचना मिळते, ती घेऊन त्या देशाच्या खात्यातून जन्मदाखला काढायचा. तो अरबीत असल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर करायचे. मग आईबापांचे पासपोर्ट व परवाने आणि विवाहाचा दाखला जोडून वकिलातीत जन्मनोंदणीचा अर्ज करायचा. बाळाच्या पासपोर्टचा अर्जही बहुधा त्याच वेळी होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान मुलाचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षे चालतो, पण वकिलातीचे नोंदणी प्रमाणपत्र जन्मभर लागते. पुष्कळ घरांत पासपोर्ट जपून ठेवला जातो आणि प्रमाणपत्राचा कागद घर बदलताना हरवतो. पासपोर्ट नवा काढता येतो. मूळ नोंदीचा पुरावा हातचा गेला तर त्यामागे धावावे लागते. त्याच्या दोन-तीन प्रती काढून एक नांदेड-लातूरच्या घरी ठेवावी.

जन्मानंतरचे पहिले काही महिने घरात गडबडीचे असतात. आई माहेरी येऊ पाहते, बापाची सुटी ठरलेली असते. त्यात परवान्याचीही मुदत असते. अमिरातीत नवजात बाळाचा राहण्याचा परवाना १२० दिवसांत काढावा लागतो. तो काढण्यासाठी बाळाचा पासपोर्ट लागतो, पासपोर्टासाठी जन्मदाखला लागतो. एक कागद अडला की पुढचा अडतो. अशा अडकलेल्या माणसांसाठी तेथील सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात सवलत दिली होती आणि कागदाविना राहिलेल्या मुलांनाही तिचा लाभ घेता येत होता. पण सवलत कधी येईल यावर कोणी संसार चालवू शकत नाही.

अडचणीची वेळ सांगून येत नाही, हे आपण कुवेतच्या वेळी पाहिले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि पुढच्या काही आठवड्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणावे लागले. माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी अम्मानला पोहोचली. त्या वेळच्या कायद्याने बाप भारतीय असला की मूल भारतीय होते, म्हणून कागद मागे राहिला तरी हक्क राहिला नाही. आज तसे घडले तर नोंद न झालेल्या मुलाची स्थिती वेगळी असेल.

कुटुंब नेण्यापूर्वीचे कागद

कुटुंबाने परदेशी जायचे म्हणजे पहिला कागद विवाहाचा. आपल्याकडे निकाहनामा असतो, तो बहुधा उर्दूत. घरच्यांच्या दृष्टीने तो पुरेसा असतो, परंतु परदेशी कार्यालयाला सरकारी विवाह प्रमाणपत्र दाखवावे लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली विवाहनोंदणी होते. निकाहनाम्यावरून ती वेळीच करून घ्यावी; दहा वर्षांनी साक्षीदार शोधण्यात फार दमछाक होते. मग त्या प्रमाणपत्रावर राज्य शासनाचा व परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे. ओमान २०१२ पासून, बहरीन २०१३ पासून आणि सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून या करारात आले आहेत. या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का पुरतो. जे देश करारात नाहीत त्यांच्या वकिलातीचा शिक्का आणखी घ्यावा लागतो. एजंट मंडळी अनेकदा दोन्हीचे पैसे घेतात. आपला देश कोणत्या यादीत आहे हे विचारून मगच पैसे मोजावेत.

नांदेड किंवा लातूरला जन्मलेल्या मुलांचे दाखलेही काढून पाहावेत. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा मुलाचे नावच नसते. फक्त "पुरुष" किंवा "स्त्री" आणि आईबापांची नावे असतात. नोंदीनंतर पंधरा वर्षांपर्यंत नाव घालून घेता येते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे त्या तारखेस किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा मानला जातो. शाळेच्या टी.सी.वर भागून जाण्याचे दिवस संपत आले आहेत.

नावाच्या घोळाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त अर्ज येथेच अडकतात. मराठवाड्यात शाळेच्या दाखल्यावर नाव असते "शेख इरफान शेख गफूर". पासपोर्टवर तेच "इरफान गफूर" आणि आडनाव "शेख". बापाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. "शेख" इंग्रजीत लिहिण्याच्या तीन-चार तऱ्हा, आणि एकाच घरात त्या सर्व सापडतात. मग मूल सौदीत जन्मले की दाखल्यावर अरबी पद्धतीने मुलाचे, बापाचे, आजाचे आणि घराण्याचे अशी चार नावे येतात. अरबीत "प" आणि "च" ही अक्षरे नाहीत. म्हणून "पठाण" तेथे "ब"ने लिहिला जातो, "चाऊस"चा "शाऊश" होतो, आणि तेच नाव पुन्हा इंग्रजीत आले की बापलेकाची आडनावे वेगळी दिसू लागतात. वकिलातीतील कारकुनाला आपले घराणे माहीत नसते, त्याला फक्त अक्षरे दिसतात. तेव्हा भाषांतर करून घेताना बापाच्या पासपोर्टवरील अक्षरे भाषांतरकारापुढे ठेवावीत आणि तशीच लिहून घ्यावीत. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो भरून घ्यावा. अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना भेटीच्या व पर्यटनाच्या व्हिशावर प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली, तेव्हा आपल्याकडील कित्येक वृद्ध आईबापांच्या बाबतीत हा रकाना अचानक महत्त्वाचा झाला.

खर्चाचाही अंदाज आधी घ्यावा. सौदी अरेबियाने १ जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि दरवर्षी शंभरने वाढवून २०२० साली ते ४०० वर नेले. बायको आणि तीन मुले म्हणजे चार माणसे. ४०० च्या दराने वर्षाला १९,२०० रियाल नुसते राहण्याच्या परवान्याचे झाले. त्यात शाळेची फी व घरभाडे वेगळे. या काळात अनेक कुटुंबे मायदेशी परतली, त्याचे एक मोठे कारण हेच होते. पाच हजार रियाल कमावणाऱ्याचे जवळपास चार महिन्यांचे वेतन केवळ या एका शुल्कात जाते, हे गणित नातेवाइकांना कोणी सांगत नाही.

अमेरिका, कॅनडा आणि लातूरची वैद्यकीय जागा

पश्चिमेकडे गेलेल्यांचा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. तेथे मुलाला दुसरा देश मिळतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेत व कॅनडात जन्मलेले मूल जन्माने तेथील नागरिक होत आले आहे. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी तात्पुरत्या व्हिशावरील आईबापांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश निघाला आणि लगोलग न्यायालयात गेला. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसता जन्म पुरत नाही, आई किंवा बाप तेथील नागरिक अथवा कायमचा रहिवासी असावा लागतो.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपुढे दोन वाटा असतात. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट न काढता वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी. मग ते भारतीय होते. मात्र अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरे नागरिकत्व सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व जाते. दुसरी वाट म्हणजे अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचे ओ.सी.आय. कार्ड. बहुतेक जण दुसरी वाट धरतात, कारण ती सोपी दिसते. ओ.सी.आय. कार्डाने भारतात कितीही काळ राहता येते. परंतु ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. (शेतजमिनीच्या खरेदीची बंदी परदेशी राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही आहे, वारसाने आलेली मात्र ठेवता येते. औशाच्या किंवा कंधारच्या शिवारात भावाच्या भरवशावर तुकडा घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.)

खरी मेख आहे ती शिक्षणात. लातूर हे वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचे गाव. परदेशातील मराठवाडी कुटुंबांच्याही मनात असते की मूल दहावीला आले की लातूरला ठेवू, शिकवणी लावू, सरकारी महाविद्यालयात डॉक्टर करू. ४ मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ओ.सी.आय. विद्यार्थ्यांना नीटमधून फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांवर प्रवेश मिळेल, भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर नाही, असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी निकाल दिला की ज्यांना कार्ड त्या तारखेपूर्वी मिळाले होते त्यांचा जुना हक्क कायम राहील. ज्यांचे कार्ड नंतरचे आहे त्यांना नवा नियम लागू. अनिवासी जागेची फी सरकारी जागेच्या कितीतरी पट असते. म्हणजे मुलाच्या जन्मानंतर पहिल्या वर्षात कोणत्या खिडकीवर अर्ज दिला, त्यावर अठराव्या वर्षीची जागा अवलंबून आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या आखातातील मुलाला ही अडचण नाही. त्याच्यासाठी अडचण अशी की महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. बारावीला लातुरात येऊन भागत नाही, नववीलाच यावे लागते.

परदेशी पासपोर्टवर मूल आणले आणि कार्डही काढले नाही, तर ते येथे व्हिशावर असते. आजोबांच्या घरी राहून शाळेत जाणारे मूल व्हिसा संपला की कायद्याने मुदतबाह्य परदेशी ठरते आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेत हेलपाटे सुरू होतात. मुलाला आजोबांकडे पाठवण्याआधी कार्ड काढावे.

कॅनडासारख्या देशात कुटुंबासह कायमचे जाण्याचा अर्ज करताना सर्व मुलांची नावे लिहावीत, जे बरोबर येणार नाही त्याचेही. खर्च वाचावा म्हणून एखादे मूल अर्जात न दाखवण्याचा सल्ला काही एजंट देतात. असे न दाखवलेले मूल पुढे कुटुंबाच्या मार्गाने बोलावण्यास कायमचे अपात्र ठरू शकते. वयाच्या मर्यादाही पाहाव्यात. कॅनडात अवलंबित मुलाची मर्यादा २४ ऑक्टोबर २०१७ पासून बावीस वर्षांखालील आहे. अमेरिकेत आईबापांच्या नोकरीच्या व्हिशावर राहिलेले मूल एकवीस पूर्ण होताच त्यांच्या छत्राबाहेर पडते. अमिरातीने ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत बापाच्या परवान्यावर ठेवण्याची मुभा दिली आहे; त्यापूर्वी ही मर्यादा अठराची होती.

आईबापांनीच परदेशी नागरिकत्व घेतले तर त्यांचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी आपोआप संपते, वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १८ ऑक्टोबर २०२४ चा निकाल वाचण्यासारखा आहे. एका जोडप्याने डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचे नागरिकत्व घेतले. तेव्हा मूल पोटात होते. ते मार्च १९९९ मध्ये जन्मले. मोठेपणी त्या तरुणाने भारतीय नागरिकत्व परत मागितले. मद्रास उच्च न्यायालयाने ते मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटले की स्वतःहून नागरिकत्व सोडणाऱ्यांच्या अज्ञान मुलांना सज्ञान झाल्यावर एक वर्षात ते परत घेण्याची जी सोय आठव्या कलमात आहे, ती परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ज्यांचे नागरिकत्व आपोआप गेले त्यांच्या मुलांना लागू नाही. बारा महिने भारतात राहून रीतसर नोंदणीचा अर्ज करण्याची वाट त्याला खुली राहिली. शपथेची तारीख तीन महिने पुढे गेली असती तर त्या मुलाची कहाणी निराळी झाली असती.

मुदत गेली असेल तर

वर्ष उलटले म्हणजे सर्व संपले असे नाही. मूल अजून परदेशात असेल तर त्याच वकिलातीत उशिराच्या नोंदीचा अर्ज करावा, उशिराचे खरे कारण लिहावे. प्रकरण केंद्र सरकारच्या परवानगीसाठी जाते. मूल भारतात आले असेल आणि अठरा वर्षांखालील असेल तर नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांसाठी नोंदणीची सोय आहे. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. अठरा उलटल्यावर भारतीय वंशाची व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो, पण त्यासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये अशी तरतूद आहे की परदेशात जन्मलेल्या मुलाला घेऊन आईबाप कायमचे परतले, तर मूल भारतात पोहोचल्यापासून साठ दिवसांत त्याचा जन्म येथील महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदवता येतो. त्यानंतर उशिराच्या नोंदीची रीत लागू होते आणि महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ती रीत बरीच कडक केली आहे. ही नोंद उपयोगी आहे, जरूर करावी. पण ती जन्माची नोंद झाली, नागरिकत्वाची नव्हे. नांदेड महापालिकेचा दाखला हाती आला म्हणून वकिलातीचे राहिलेले काम पूर्ण झाले असे समजू नये.

त्या गृहस्थांना आम्ही प्रथम जेद्दाहच्या इस्पितळाचा कागद शोधायला सांगितले. सरकारी दाखला नसला तरी जन्माची सूचना इस्पितळ देतेच, आणि तिच्यावर आईचे नाव व तारीख असते. तिकडे राहिलेल्या मेव्हण्याने जुनी पेटी उघडली आणि तो कागद सापडला. आईचे नाव एका अक्षराने चुकलेले होते, ते दुरुस्त करून घेण्यात दोन महिने गेले. जिल्हाधिकारी कार्यालयातील अर्ज आता पुढे गेला आहे. मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून वर्षे आहेत. ओमानला बाप सध्या एकटा गेला आहे.